शाकाहारी ताटाचा हिशेब

१९१७ साल. पहिले महायुद्ध ऐन भरात होते. डेन्मार्क हा युरोपातला छोटासा देश युद्धात उतरला नव्हता, तरी युद्धाची झळ त्याला लागलीच. एकीकडे ब्रिटनची नाकेबंदी आणि दुसरीकडे जर्मन पाणबुड्या. परदेशातून येणारे धान्य आणि जनावरांचे खाद्य जवळजवळ बंद झाले. देशात माणसे सुमारे तीस लाख, आणि शिवाय गोठ्यांत लाखो डुकरे व गाईगुरे. लोणी आणि डुकराचे मांस परदेशी विकणे हाच तर त्या देशाचा मोठा धंदा! आता शिल्लक राहिलेले धान्य कोणाच्या तोंडी घालायचे, डुकरांच्या की माणसांच्या?

या प्रश्नाचे उत्तर मिकेल हिंडहेडे नावाच्या डॉक्टरांनी दिले. ते डेन्मार्कच्या राष्ट्रीय आहार प्रयोगशाळेचे प्रमुख होते. त्यांचा हिशेब सरळ होता. डुकराला धान्य चारले, तर त्या धान्यातील थोडीच ऊर्जा मांसाच्या रूपाने परत मिळते. बाकीची डुकराचे चालणे, फिरणे, अंग ऊबदार राखणे यांत खर्च होते. तेच धान्य माणसांनी खाल्ले, तर कितीतरी अधिक लोकांचे पोट भरेल. सरकारला हे पटले. डुकरांची संख्या झपाट्याने कमी करण्यात आली. लोकांच्या ताटात आली ती कोंड्यासकट दळलेल्या राय धान्याची पावभाकरी, जवाची पेज, बटाटे, पालेभाज्या, दूध आणि थोडेसे लोणी.

कोंड्याच्या भाकरीवर एक अख्खे राष्ट्र कसे निभावणार, अशी शंका कोणालाही यावी. पण झाले उलटेच! ऑक्टोबर १९१७ ते ऑक्टोबर १९१८ या वर्षात डेन्मार्कमधील मृत्यूचे प्रमाण तोवर नोंदलेल्या कोणत्याही वर्षापेक्षा खाली उतरले. पुढे इन्फ्लूएंझाची साथ आली आणि हा अजब प्रयोग तिथेच संपला. हिंडहेडे यांनी १९२० साली अमेरिकेतील वैद्यकीय नियतकालिकात ही सारी हकिकत प्रसिद्ध केली.

तेव्हा मांस सोडा आणि दीर्घायुषी व्हा, हेच यातून सिद्ध झाले ना? थांबा, इतकी घाई नको. त्याच काळात डेन्मार्कमध्ये आणखी एक गोष्ट घडली होती. धान्य आणि बटाटे वाचवण्यासाठी दारू गाळण्यावर कडक बंधने आली होती आणि दारू भलतीच महाग झाली होती. म्हणजे एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या. मग मृत्यू घटले ते कोंड्याच्या भाकरीमुळे, की दारू सुटल्यामुळे? प्रयोगशाळेत आपण एका वेळी एकच गोष्ट बदलतो, ती याचसाठी. डेन्मार्कची गोष्ट हा पुरावा नव्हे. तो फक्त एक इशारा आहे. तो खरा की खोटा, हे ठरवायला दुसरे साक्षीदार बोलवायला हवेत.

दोन साक्षीदार

पहिला साक्षीदार अमेरिकेतला. तिथे सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट नावाचा एक ख्रिस्ती पंथ आहे. या पंथाचे लोक सहसा विडी-सिगारेट ओढत नाहीत, दारू पीत नाहीत. मात्र त्यांच्यापैकी काही जण मांस खातात, काही खात नाहीत. शास्त्रज्ञांना यापेक्षा सोयीची मंडळी कुठे मिळणार? तंबाखू आणि दारू या दोन्ही गोष्टी आपोआपच बाजूला झाल्या. कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा विद्यापीठाने २००२ पासून अशा सुमारे ९६ हजार लोकांची नोंद ठेवायला सुरुवात केली. त्यांपैकी ७३ हजारांवर लोकांचा सुमारे सहा वर्षांचा हिशेब २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. मांस न खाणारे आणि क्वचितच खाणारे यांच्यात मृत्यूचे प्रमाण मांस नेहमी खाणाऱ्यांपेक्षा १२ टक्क्यांनी कमी आढळले.

दुसरा साक्षीदार इंग्लंडमधला. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ४८ हजार लोकांवर सुमारे अठरा वर्षे लक्ष ठेवले आणि २०१९ मध्ये निष्कर्ष मांडले. शाकाहारी लोकांत हृदयविकाराचे प्रमाण २२ टक्क्यांनी कमी होते. मांस न खाता मासे खाणाऱ्यांतही ते १३ टक्क्यांनी कमी होते. पण या साक्षीदाराने एक अवघड गोष्टही सांगितली. शाकाहारी लोकांत मेंदूच्या रक्तवाहिनीच्या आघाताचे, म्हणजे ज्याला आपण पक्षाघाताचा झटका म्हणतो त्याचे, प्रमाण २० टक्क्यांनी जास्त होते!

असे टक्के वाचताना नेहमी विचारावे, की कशाचे टक्के? हजार माणसे दहा वर्षे पाहिली, तर शाकाहारी गटात हृदयविकाराचे रुग्ण सुमारे दहा कमी आणि झटक्याचे रुग्ण सुमारे तीन जास्त, असा तो हिशेब आहे. म्हणजे एकंदरीत फायदा आहे. पण खात्यात खर्चाची बाजूही आहे. ती कशामुळे असावी, याकडे पुढे वळूच.

मग आपल्याकडे मधुमेह कसा?

आता तुमच्या मनात एक प्रश्न आला असेल. यायलाच हवा. आपल्या देशात कोट्यवधी लोक शाकाहारी आहेत. जे मांस-मासे खातात, त्यांच्याही ताटात बहुतेक दिवस भात, भाकरी, पोळी, आमटी, भाजी हेच असते. मग आपण सारे ठणठणीत असायला हवे. पण भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे रुग्ण दहा कोटींहून अधिक आहेत. तुमच्याही घरात किंवा शेजारी कोणी आजोबा, आत्या किंवा काका रोज मधुमेहाची गोळी घेत असतील. मांस न खाणाऱ्या घरांतही हा रोग असतोच. हे कसे?

या कोड्याचे उत्तर शोधण्यासाठी एक छोटी यादी वाचा. साखर, मैदा, पांढराशुभ्र पॉलिशचा तांदूळ, वनस्पती तूप, बटाट्याचे तळलेले काप, गोड सरबते. यांत मांसाचा कणही नाही. सगळे पदार्थ वनस्पतींपासूनच आलेले! दिवसभर बिस्किटे, पाव आणि गोड चहा यांवर राहणारा माणूसही शाकाहारीच म्हणवला जाईल.

बॉस्टन येथील हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी नेमका हाच फरक तपासला. दोन लाखांहून अधिक परिचारिका, डॉक्टर आणि आरोग्यसेवेतील इतर लोक यांच्या आहाराच्या वीस वर्षांहून अधिक काळच्या नोंदी त्यांच्याकडे होत्या. त्यांनी वनस्पतिज आहाराचे दोन प्रकार केले. एकात अख्खी धान्ये, कडधान्ये, भाज्या, फळे, शेंगदाण्यासारखी दाणेवर्गीय फळे. दुसऱ्यात मैदा, साखर, गोड पेये, मिठाई. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : पहिल्या प्रकारचा आहार सर्वांत अधिक घेणाऱ्यांत हृदयविकाराचा धोका, तो सर्वांत कमी घेणाऱ्यांच्या तुलनेत, २५ टक्क्यांनी कमी, आणि दुसऱ्या प्रकाराबाबत हाच धोका ३२ टक्क्यांनी जास्त!

म्हणजे ताटात काय नाही, एवढ्यावर आरोग्य ठरत नाही. ताटात काय आहे आणि ते ताटात येईपर्यंत त्याचे काय झाले, यावर ते ठरते.

दाण्याचे तीन भाग

गव्हाचा किंवा तांदळाचा दाणा म्हणजे एक बी आहे, हे आपण विसरतो. त्यात तीन भाग असतात. बाहेर कोंड्याचे चिलखत. आत एका टोकाला चिमुकला अंकुर. आणि अंकुर रुजेपर्यंत त्याला पुरावी म्हणून साठवलेली पिठूळ शिदोरी. ही शिदोरी बहुतांशी पिष्ट म्हणजे स्टार्च. तंतू, खनिजे आणि बरीचशी जीवनसत्त्वे मात्र कोंड्यात आणि अंकुरात. गिरणीत मैदा काढतात किंवा तांदूळ पॉलिश करतात तेव्हा कोंडा आणि अंकुर जातात आणि उरते ती केवळ शिदोरी. शंभर ग्रॅम गव्हाच्या पिठात सुमारे ११ ग्रॅम तंतुमय पदार्थ असतात. शंभर ग्रॅम मैद्यात ३ ग्रॅमसुद्धा नसतात.

कोंड्याची किंमत जगाला प्रथम कळली ती कोंबड्यांमुळे. १८८९ साली जावा बेटावर ख्रिस्तियान आइकमान हे डच डॉक्टर बेरीबेरी या रोगावर संशोधन करत होते. या रोगात पाय लुळे पडत आणि माणूस दगावत असे. प्रयोगशाळेतील कोंबड्यांचेही पाय अचानक लुळे पडले, आणि काही महिन्यांनी त्या आपोआप बऱ्याही झाल्या! चौकशी केल्यावर कळले, की मधल्या काळात कोंबड्यांना लष्करी इस्पितळातील उरलेला पांढरा भात घालत असत. नवा आचारी आला. त्याने लष्कराचा भात बिनलष्करी कोंबड्यांना द्यायचे नाकारले! कोंबड्यांना पुन्हा साधा, कोंड्यासकटचा तांदूळ मिळाला आणि त्या उठून चालू लागल्या. आइकमान यांना आधी वाटले, की पांढऱ्या भातात काही विष असावे. खरी गोष्ट उलटी होती. भातात काही जास्त नव्हते, कमी होते. कोंड्याबरोबर निघून गेलेल्या त्या पदार्थाला आज आपण थायामिन किंवा ब-१ जीवनसत्त्व म्हणतो. आइकमान यांना १९२९ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. आचाऱ्याला काय मिळाले, ते इतिहासात नाही!

चोथ्याचे काम

थायामिन हे पोषकद्रव्य आहे, हे पटते. पण कोंड्यातला चोथा? तो तर पचतच नाही. मग तो खायचा कशाला? जुन्या डॉक्टरांनाही तसेच वाटे. ते मत बदलण्यात मोठा वाटा डेनिस बर्किट या आयरिश शल्यविशारदाचा. बर्किट यांनी आफ्रिकेत युगांडामध्ये अनेक वर्षे शस्त्रक्रिया केल्या. त्यांच्या लक्षात आले, की इंग्लंडमध्ये रोज दिसणारे रोग, म्हणजे आंत्रपुच्छाची सूज, मोठ्या आतड्याचा कर्करोग, पित्ताशयातील खडे, हे तिथल्या खेडुतांत क्वचितच आढळतात.

मग त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. त्याचा विषय चारचौघांत काढू नये असे आपण मानतो. पण विज्ञानाला तसला संकोच नसतो. त्यांनी लोकांना क्ष-किरणांत दिसणाऱ्या बारीक गोळ्या गिळायला दिल्या आणि त्या शौचावाटे बाहेर पडायला किती वेळ लागतो, ते मोजले. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या मोजणीत युगांडातील खेडुतांच्या पोटातून अन्नाचा प्रवास सुमारे दीड दिवसात पुरा होत होता. ब्रिटिश नौसैनिकांना तीन दिवसांहून अधिक लागत होते. खेडूत खात होते भरपूर चोथ्याचे अन्न. नौसैनिक खात होते पांढरा पाव.

चोथा चार कामे करतो.

पहिले काम झाडूवाल्याचे. कोंड्यातले न विरघळणारे तंतू पाणी धरून ठेवतात आणि मळ मऊ करून पुढे ढकलतात.

दुसरे काम पहारेकऱ्याचे. डाळी, ओट, फळे, गवारीसारख्या शेंगा यांत पाण्यात विरघळणारे तंतू असतात. त्यांचे आतड्यात बुळबुळीत खळीसारखे द्रावण बनते. त्या खळीतून साखर सावकाश झिरपते, म्हणून रक्तातील साखर एकदम उसळत नाही. टोरांटोच्या डेव्हिड जेन्किन्स यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये वेगवेगळ्या पदार्थांतून सारख्याच वजनाची कर्बोदके लोकांना खायला देऊन रक्तशर्करा मोजली. पांढऱ्या पावाने ती वेगाने चढली. मसूर, राजमा, हरभरा यांनी ती अगदी बेताने चढली. यात चोथ्याबरोबर डाळीच्या दाण्याची घट्ट बांधणीही कामी येते. ती बांधणी पचनरसांना सहज दाद देत नाही.

तिसरे काम हमालाचे. आपले यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्तातील आम्ले तयार करते. स्निग्ध पदार्थ पचवण्याचे काम आटोपले, की बहुतेक पित्त लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून पुन्हा शोषले जाते. विरघळणारे तंतू त्यातले काही पकडून मळाबरोबर बाहेर नेतात. मग नवे पित्त बनवण्यासाठी यकृताला रक्तातले कोलेस्टेरॉल उचलावे लागते. अशा रीतीने रक्त थोडे स्वच्छ होते.

चौथे काम आचाऱ्याचे. मोठ्या आतड्यात राहणारे अब्जावधी जीवाणू तंतूंवर जगतात आणि त्यांपासून ब्युटिरिक आम्लासारखे पदार्थ तयार करतात. आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य अन्न तेच. म्हणजे चोथा आपल्याला पचत नाही. पण आपल्या भाडेकरूंना पचतो आणि ते त्याचे भाडे चुकते करतात!

बर्किट यांची प्रत्येक कल्पना जशीच्या तशी खरी ठरली, असे नाही. पण २०१९ मध्ये १८५ पाहण्या आणि ५८ प्रयोग एकत्र तपासून शास्त्रज्ञांनी सांगितले, की सर्वांत जास्त चोथा खाणाऱ्यांत हृदयविकार, मधुमेह, मोठ्या आतड्याचा कर्करोग हे रोग होण्याचे किंवा त्यांनी मृत्यू येण्याचे प्रमाण सर्वांत कमी चोथा खाणाऱ्यांपेक्षा १५ ते ३० टक्क्यांनी कमी असते. प्रौढ माणसाने दिवसाला निदान २५ ग्रॅम तंतुमय पदार्थ खावेत, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते.

पण आम्ही तर अजून लहान आहोत!

हृदयविकार म्हणजे आजोबांचा रोग, अशी आपली समजूत असते. १९५३ मध्ये अमेरिकेतील डॉक्टरांनी तिला धक्का दिला. कोरियाच्या युद्धात मारल्या गेलेल्या तीनशे अमेरिकन सैनिकांची हृदये त्यांनी तपासली. त्यांचे सरासरी वय अवघे २२ वर्षे. दिसायला धडधाकट जवान. तरीही शंभरातील ७७ जणांच्या हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांत रोगाच्या खुणा होत्या! झटका साठीला येत असेल, पण रक्तवाहिनीच्या भिंतीवर चरबीचा पहिला थर शाळा-कॉलेजच्या वयातच बसू लागतो. दीर्घकालीन आरोग्याचे खाते तुमच्याच वयात उघडलेले असते. त्यात रोज थोडे जमा किंवा थोडे खर्च होत राहते, एवढेच.

येथे तेलातुपाबद्दलही दोन शब्द. लोणी, तूप, मांसाची चरबी यांतील संपृक्त स्निग्ध पदार्थ रक्तातील कोलेस्टेरॉल वाढवतात. पण पामतेल आणि खोबरेल तेल वनस्पतिज असूनही संपृक्तच आहेत. द्रव तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून घट्ट केलेल्या वनस्पती तुपात पूर्वी ट्रान्स-मेद फार असत आणि ते तर हृदयाला आणखी घातक. आपल्या देशात जानेवारी २०२२ पासून त्यांचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आत ठेवण्याचे बंधन आहे. शिवाय मीठ. भाजी झाडाची असली तरी लोणचे, पापड, फरसाण यांतले मीठ रक्तदाब वाढवणारच. भाज्या आणि फळे यांतील पोटॅशियम त्याला थोडा आळा घालते.

खर्चाची बाजू

आता खात्याचे दुसरे पान. वनस्पती काय देत नाहीत?

सगळे प्रथम प्रथिनांचे नाव घेतात. धान्यांच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, डाळींच्या प्रथिनांत मेथिओनिन कमी. दोन्ही एकत्र खाल्ली, की एकाची उणीव दुसरे भरून काढते. वरणभात, खिचडी, भाकरी आणि पिठले, पोळी आणि उसळ ही जोडपी आपल्या पूर्वजांनी अमिनो आम्लांचे नावही न ऐकता जमवली. दोन्ही एकाच घासात असायला हवीत असे नाही. दिवसभरात आली तरी चालते. मात्र वाटीभर भाताला चमचाभर पातळ वरण, हा हिशेब जमत नाही. डाळ दाट हवी.

लोहाची गोष्ट थोडी निराळी. वनस्पतींतले लोह मांसातल्या लोहाइतके सहज शोषले जात नाही. धान्य-कडधान्यांतील फायटिक आम्ल त्याला अडवून धरते. पण कडधान्याला मोड आणले किंवा पीठ आंबवले, की हे आम्ल कमी होते. लिंबू, आवळा, पेरू यांतील क जीवनसत्त्व लोहाच्या शोषणाला मदत करते. म्हणून मटकीच्या उसळीवर लिंबू पिळणे हे नुसते चवीचे काम नव्हे. उलट जेवणाबरोबर चहा घेतला, तर त्यातील टॅनिन लोहाला अडवते. वयात येणाऱ्या मुलींनी तर हे विशेष लक्षात ठेवावे.

खरी मोठी उणीव आहे ती ब-१२ जीवनसत्त्वाची. तिची गोष्ट समजून घ्यायला आपण मुंबईला जाऊ. १९२८ च्या सुमारास लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईला आल्या. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर स्त्रियांत रक्तक्षयाचा एक विचित्र प्रकार दिसत असे. तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने मोठ्या. अन्न जितके निकृष्ट, तितका रोग अधिक, हे लुसीबाईंच्या ध्यानात आले. प्राण्यांवर प्रयोग करता करता त्यांना आढळले, की मार्माइट या नावाने विकला जाणारा यीस्टचा स्वस्त अर्क दिला, तर हा रक्तक्षय बरा होतो. १९३१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी पदार्थ पुढे १९४१ मध्ये पालकाच्या पानांपासून वेगळा काढण्यात आला. लॅटिन भाषेत फोलियम म्हणजे पान. म्हणून त्याचे नाव पडले फोलिक आम्ल. पालेभाज्या आणि कडधान्ये यांत ते भरपूर असते.

पण अगदी असाच मोठ्या पेशींचा रक्तक्षय आणखी एका जीवनसत्त्वाच्या अभावाने होतो. ते ब-१२. आणि हे मात्र कोणत्याही पानात, फळात किंवा दाण्यात नसते. ते तयार करण्याची विद्या फक्त जीवाणूंसारख्या सूक्ष्मजीवांना अवगत आहे. गाईच्या पोटातील जीवाणू ते बनवतात आणि गाईच्या दुधातून ते आपल्याला मिळते. आपल्या मोठ्या आतड्यातील जीवाणूही ते बनवतात. पण त्याचे शोषण होते लहान आतड्याच्या शेवटच्या टप्प्यात, म्हणजे मोठ्या आतड्याच्या आधी. स्टेशन मागे पडल्यावर गाडीत बसलेला उतारू तो! त्याचा उपयोग होत नाही.

माणसाला ब-१२ लागते तरी किती? दिवसाला सुमारे दोन मायक्रोग्रॅम. एका ग्रॅमचे दहा लाख मायक्रोग्रॅम होतात. म्हणजे एक ग्रॅम ब-१२ एका माणसाला तेराशे वर्षे पुरेल! पण तेवढेही मिळाले नाही, तर यकृतातील साठा काही वर्षांत आटतो. मग थकवा, हातापायांना मुंग्या, विसरभोळेपणा ही लक्षणे दिसू लागतात. यात आणखी एक फसगत होते. पालेभाजी भरपूर खाणाऱ्याला फोलिक आम्ल मिळत असते. त्यामुळे रक्ताची तपासणी ठीक दिसते आणि इकडे मज्जातंतूंची हानी चालूच राहते. ब-१२ कमी पडले, की रक्तात होमोसिस्टीन नावाचा पदार्थही साठतो आणि तो रक्तवाहिन्यांना अपायकारक असावा, असे मानले जाते. ऑक्सफर्डच्या पाहणीत शाकाहारी लोकांत झटके जास्त दिसले, त्यामागे हेही एक कारण असू शकेल, असा संशोधकांचा तर्क आहे.

ही उणीव दूरच्या देशातली नव्हे. पुण्यातील केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे शहर आणि परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांचे रक्त तपासले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत दर तिघांतील दोघांच्या रक्तात ब-१२ कमी आढळले! दूध, दही, ताक रोज पुरेसे घेतले, तर बरीचशी गरज भागते. दूधही न घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याने ब-१२ ची गोळी घेतलीच पाहिजे. हा आहाराचा पराभव नव्हे; तो हिशेब पुरा करणे आहे.

मग ताट कसे असावे?

घरात मांस-मासे खाण्याची रीत असेल, तर हा लेख वाचून कोणी अन्नावरून भांडू नये. मासे खाणाऱ्यांचा हिशेबही वाईट नाही, हे आपण पाहिलेच. ताटाचा मोठा भाग वनस्पतींचा, आणि तोही अख्ख्या वनस्पतींचा, असला म्हणजे झाले.

अर्धे ताट भाजी, कोशिंबीर आणि फळे यांनी भरा. भाज्या आणि फळे मिळून दिवसाला निदान ४०० ग्रॅम असावीत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. बटाटा त्यात धरत नाहीत. उरलेल्या अर्ध्यात ज्वारी, बाजरी, नाचणी यांची भाकरी, न चाळलेल्या पिठाची पोळी किंवा हातसडीचा भात, आणि जोडीला दाट डाळ किंवा उसळ. नाचणीच्या शंभर ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, तेव्हा हाडांसाठी तिची आठवण ठेवा. मूठभर शेंगदाणे, चमचाभर तीळ किंवा जवसाची चटणी, आणि वाटीभर दही. यात महागडे काय आहे? बाजारात सर्वांत महाग असतात ते रंगीत पुडक्यातले पदार्थ, आणि त्यांतला कोंडा आधीच कोणीतरी काढून घेतलेला असतो.

करून पाहा

१. दोन पेले पाण्याने भरा. एकात दोन चमचे इसबगोल घालून ढवळा आणि दहा मिनिटे थांबा. आता दोन्ही पेल्यांत शाईचा एकेक थेंब अलगद सोडा. कोणत्या पेल्यात शाई लवकर पसरते? शाईच्या जागी साखर आणि पेल्याच्या जागी आतडे आहे, अशी कल्पना करा. पहारेकऱ्याचे काम डोळ्यांना दिसेल.

२. गिरणीवरून आणलेले १०० ग्रॅम गव्हाचे पीठ तलम कापडातून गाळा. कापडावर राहिलेला कोंडा तोला. तो पुन्हा पिठात मिसळायला विसरू नका!

३. आठवडाभर एक वही ठेवा. सात दिवसांत किती वेगवेगळ्या वनस्पती पोटात गेल्या, ते लिहा. गहू, तूर, मिरची, कोथिंबीर, केळे, सारे मोजा. मात्र साखर आणि मैदा यांना गुण नाहीत. शिक्षकांनी वर्गातील वह्या एकत्र करून तक्ता फळ्यावर मांडावा. कोणाच्या घरी काय खातात यावर चर्चा नको. संख्या किती, एवढेच पाहावे. महिन्याने पुन्हा मोजा. तक्त्यातील संख्या वाढलेली दिसली, तर वर्गाच्या खात्यात काहीतरी जमा झाले असे खुशाल समजा.